पटकथालेखनासाठी संगणकीय साधनाची निवड

चित्रपटनिर्मिती ही आता केवळ मोठ्या शहरातील चित्रनगरीची मक्तेदारी राहिलेली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा, महाविद्यालये, ग्रामपंचायती आणि स्वयंसेवी संस्था यांच्याकडूनही आज पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंतचे लघुपट व अनुबोधपट तयार होत आहेत. चित्रीकरणास लागणारा कॅमेरा बहुतेकांच्या खिशातील भ्रमणध्वनीतच आला आहे आणि संकलनाची साधनेही सुलभ झाली आहेत. परंतु चित्रपटाचा पाया असलेली पटकथा मात्र पुष्कळ ठिकाणी वहीच्या सुट्या पानांवर किंवा भ्रमणध्वनीवरील संदेशांच्या तुकड्यांत विखुरलेली असते. परिणामी चित्रीकरणाच्या दिवशी कोणाच्या हाती जुना मसुदा तर कोणाच्या हाती नवा, अशी स्थिती होते. दिवस फुकट जातो आणि त्यावर झालेला खर्चही वाया जातो.

या अडचणीवर उपाय म्हणून पटकथालेखनाची अनेक सॉफ्टवेअर, म्हणजेच संगणकीय आज्ञावली, उपलब्ध आहेत. त्यांची संख्या मोठी आहे आणि प्रत्येकीच्या जाहिरातीत तीच सर्वोत्तम असल्याचे सांगितलेले असते. मराठीतून लिहिणाऱ्याने, आणि विशेषतः सार्वजनिक निधीतून खर्च करणाऱ्या संस्थेने, यातून निवड कशी करावी याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ साली सुरू झालेल्या योजनेखाली तलावातील गाळ काढण्यात आला. ते काम कसे झाले, गावातील दोन वाड्यांमधील जुना तंटा त्या निमित्ताने कसा मिटला, यावर वीस मिनिटांचा लघुपट करावा असे ग्रामपंचायतीने ठरविले. शाळेतील एक गुरुजी आणि एक बाई यांनी मिळून पटकथा लिहिण्याचे मान्य केले. पहिला मसुदा अर्ध्यावर असतानाच बाईंची बदली दुसऱ्या तालुक्यात झाली. आता लेखन पुढे कसे न्यावयाचे?

पटकथेचे बाह्य रूप

कथा वाचण्यासाठी असते. पटकथा ही काम करण्यासाठी असते. दिग्दर्शक, छायालेखक, नट, ध्वनिमुद्रक आणि खर्चाचा हिशेब ठेवणारा व्यवस्थापक असे सर्वजण तिचा उपयोग करतात. म्हणून तिच्या मांडणीला ठरावीक शिस्त असते. प्रत्येक दृश्याच्या आरंभी दृश्यशीर्षक असते. दृश्य आत घडते की बाहेर, ते कोणत्या स्थळी आणि कोणत्या वेळी घडते, हे त्यावरून कळते. त्यानंतर पडद्यावर काय दिसते त्याचे वर्णन, मग पात्राचे नाव, आवश्यक तेथे कंसातील सूचना आणि त्याखाली संवाद असा क्रम असतो.

अमेरिकेत ही मांडणी टंकलेखन यंत्राच्या काळात रूढ झाली. कूरियर नावाच्या अक्षरवळणात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखीच असते. १२ पॉइंट आकारात एका इंचात १० अक्षरे आणि उभ्या एका इंचात ६ ओळी बसतात. पान कोणीही टंकलिखित केले तरी त्यावर साधारण तितकाच मजकूर येतो. त्यामुळेच पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, हा ठोकताळा तेथे प्रचारात आला.

आपल्याकडे याखेरीज दोन स्तंभांची पद्धतही वापरात आहे. पानाच्या डाव्या बाजूस जे दिसते ते आणि उजव्या बाजूस जे ऐकू येते ते लिहिले जाते. निवेदनप्रधान अनुबोधपटास ही पद्धत फार सोयीची पडते. आपला चित्रपट संवादप्रधान आहे की निवेदनप्रधान, हे प्रथम ठरवावे. सर्वच आज्ञावलींत दोन स्तंभांची सोय नसते.

टंकयंत्रापासून संगणकापर्यंत

पटकथेसाठी स्वतंत्र आज्ञावली निर्माण होण्यास १९८० च्या दशकात आरंभ झाला. साध्या लेखन-आज्ञावलीत लिहिलेला मजकूर घेऊन त्याची पटकथेच्या रीतीने पाने पाडणारी ‘स्क्रिप्टर’ ही आज्ञावली याच काळातील होय. १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘फायनल ड्राफ्ट’ आली आणि अमेरिकेच्या चित्रपट-व्यवसायात तिचा वापर सर्वत्र रूढ झाला. २००९ च्या सुमारास तिने स्वीकारलेला एफडीएक्स हा फाइलप्रकार आज इतर बहुतेक आज्ञावलींनाही वाचता येतो.

२०१२ साली ‘फाउंटन’ ही निराळी पद्धत पुढे आली. फाउंटन ही आज्ञावली नसून लिहिण्याची एक रीत आहे. त्यात पटकथा अगदी साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिली जाते. काही मोजक्या चिन्हांवरून दृश्यशीर्षक कोणते व संवाद कोणता हे संगणक ओळखतो. असा मजकूर कोणत्याही संगणकावर, कोणत्याही आज्ञावलीत उघडता येतो. पुढील काळात आंतरजालावर चालणाऱ्या सेवा आल्या आणि दोन ठिकाणी बसलेल्या दोन लेखकांना एकाच पटकथेवर एकाच वेळी काम करणे शक्य झाले.

देवनागरीची कसोटी

ही सर्व साधने प्रामुख्याने इंग्रजीतील लेखन डोळ्यांपुढे ठेवून घडलेली आहेत, हे मराठी लेखकाने विसरता कामा नये. त्यामुळे चार गोष्टी मुद्दाम तपासून घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट युनिकोडची. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे मराठी मजकूर जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या अक्षरसंचांतून लिहिला जात राहिला. असा मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसतात. पटकथा युनिकोडमध्येच लिहावी. इन्स्क्रिप्ट कळफलकाने लिहावे की उच्चारानुसारी कळफलकाने, हा सवयीचा प्रश्न आहे. परिणाम दोन्हींचा एकच.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. आज्ञावली विकत घेण्यापूर्वी तिच्यात ‘कर्तृत्व’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘शुश्रूषा’ असे काही शब्द लिहून पाहावेत. त्यांची पीडीएफ प्रत काढावी आणि त्या प्रतीतील मजकूर उचलून पुन्हा दुसरीकडे टाकून पाहावा. पडद्यावर नीट दिसणारी अक्षरे छापील प्रतीत फुटलेली आढळणे, हा अनुभव नवा नाही. दहा मिनिटांची ही परीक्षा पुढचा मनस्ताप वाचविते.

तिसरी गोष्ट मोठ्या लिपीची. इंग्रजीत पात्राचे नाव मोठ्या लिपीत लिहितात आणि अनेक साधने त्यावरूनच ते ओळखतात. देवनागरीत मोठी व लहान लिपी असा भेदच नाही. त्यामुळे फाउंटन पद्धतीत ‘सरपंच’ एवढेच लिहिल्यास संगणक ते पात्राचे नाव न समजता वर्णनाची ओळ समजतो. यावर उपाय त्या पद्धतीतच दिलेला आहे. पात्राच्या नावाआधी ‘@’ हे चिन्ह आणि दृश्यशीर्षकाच्या आरंभी एक टिंब दिले की काम भागते. ज्या आज्ञावलींत ओळीचा प्रकार कळ दाबून ठरविता येतो, त्यांत ही अडचण उद्भवत नाही.

चौथी गोष्ट पानांच्या हिशेबाची. देवनागरीतील अक्षरांची रुंदी कमीअधिक असते. वरच्या व खालच्या मात्रांमुळे दोन ओळींत अंतरही जास्त ठेवावे लागते. शिवाय आपल्याकडील ए-४ कागद अमेरिकन कागदापेक्षा उंच असतो. म्हणून एक पान म्हणजे एक मिनिट हे समीकरण मराठी पटकथेस जसेच्या तसे लागू करता येत नाही. आपल्या अक्षरवळणाचे प्रमाण आपणच काढावे. घड्याळ समोर ठेवून दहा पाने मोठ्याने, अभिनयाच्या गतीने वाचावीत. समजा, त्यास १३ मिनिटे लागली, तर एका पानास १.३ मिनिटे हे प्रमाण झाले. वीस मिनिटांच्या चित्रपटास मग सुमारे १५ पाने पुरतात. आज्ञावलीने आपोआप दाखविलेल्या कालावधीपेक्षा ही मोजणी अधिक विश्वसनीय ठरते.

या अडचणी टाळण्यासाठी संवाद रोमन लिपीत लिहावेत, असा सल्ला काही जण देतात. हिंदी चित्रपटसृष्टीत तशी प्रथा आहेही. परंतु मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ यांचे मोल मोठे आहे. आपल्या उदाहरणातील लघुपटाचा विषयच गाळ हा आहे. रोमन लिपीत लिहिलेला तोच शब्द वाचणारा ‘गाल’ही वाचील आणि ‘गळ’ही वाचील. गावातील ज्या स्त्री-पुरुषांनी भूमिका करावयाच्या, त्यांना आपल्या लिपीतील संवाद सहज वाचता येतात. यास्तव संवाद देवनागरीतच असावेत.

एकट्याने लिहिणाऱ्याची गरज

एकट्या लेखकास साधनाकडून फार अपेक्षा नसतात. लिहिताना मांडणीकडे लक्ष द्यावे लागू नये, दृश्ये मागेपुढे सहज हलविता यावीत, लिहिलेले हरवू नये आणि आंतरजाल नसतानाही काम चालावे, एवढे पुरते. ग्रामीण भागात वीज व जोडणी यांचा खंड लक्षात घेता शेवटची अट सर्वांत महत्त्वाची होय.

या गरजेसाठी पैसा खर्च करणे आवश्यक आहेच असे नाही. ‘लिबरऑफिस’ ही विनामूल्य व मुक्त आज्ञावली पुरेशी ठरू शकते. तिच्यात दृश्यशीर्षक, वर्णन, पात्र, सूचना आणि संवाद अशा पाच परिच्छेद-शैली एकदा तयार करून ठेवाव्यात. एका शैलीनंतर कोणती शैली यावी हेही तिच्यात सांगून ठेवता येते. म्हणजे पात्राचे नाव लिहून पुढच्या ओळीवर जाताच संवादाची मांडणी आपोआप सुरू होते. अर्ध्या-पाऊण तासाच्या या पूर्वतयारीनंतर तीच कोरी प्रत प्रत्येक नव्या पटकथेस वापरता येते.

फाउंटन पद्धत हाही एकट्या लेखकास उत्तम मार्ग आहे. तिच्यातील मजकूर आकाराने अगदी लहान असतो, साध्या भ्रमणध्वनीवरही लिहिता येतो आणि वीस वर्षांनंतरही वाचता येईल अशी खात्री बाळगता येते.

दोघे मिळून लिहिताना

सहलेखनाच्या तीन तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीची गरज वेगळी आहे. साधन निवडण्यापूर्वी आपले सहलेखन कोणत्या तऱ्हेचे आहे, हे ओळखणे अगत्याचे आहे.

पहिली तऱ्हा आळीपाळीची. एकाने लिहावे, दुसऱ्याकडे पाठवावे, त्याने सुधारून परत करावे. यास विशेष आज्ञावली लागत नाही, शिस्त लागते. प्रत्येक फाइलीच्या नावात विषय, मसुद्याचा क्रमांक आणि तारीख असावी. एका वेळी मसुदा एकाच्याच ताब्यात असावा. दुसऱ्याने त्या काळात हात लावू नये. ‘अंतिम’, ‘खरोखर अंतिम’ अशी नावे फाइलींना देणे कटाक्षाने टाळावे.

दुसरी तऱ्हा एकाच वेळी लिहिण्याची. दोघेही आपापल्या संगणकासमोर बसतात, दूरध्वनीवर बोलत राहतात आणि एकाने लिहिलेला शब्द दुसऱ्यास तत्क्षणी दिसतो. संवादांच्या चटपटीत देवाणघेवाणीस ही पद्धत पोषक असते. मात्र दोन्ही टोकांस आंतरजालाची चांगली जोडणी हवी. जोडणी तुटल्यास लिहिलेले जपून ठेवणारे आणि पुन्हा जोडले जाताच दोहोंचा मेळ घालणारे साधन यासाठी निवडावे.

तिसरी तऱ्हा एक लेखक व अनेक वाचक अशी आहे. लिहितो एकच, परंतु सरपंच, ग्रामसेवक, कृषी अधिकारी आणि गावातील जाणती मंडळी आपापल्या सूचना देतात. येथे वाचकांना मूळ मजकूर बदलता येऊ नये, केवळ अभिप्राय नोंदविता यावा, अशी सोय हवी. तसे नसल्यास तांत्रिक माहिती दुरुस्त करावयास आलेला वाचक संवादही ‘सुधारून’ जातो आणि पात्रांच्या तोंडी परिपत्रकाची भाषा येते.

या तिन्ही तऱ्हांत एक गोष्ट समान आहे. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद साधनाने ठेवली पाहिजे आणि गरज पडल्यास मागच्या मसुद्याकडे परतता आले पाहिजे. मतभेद झाल्यावर ही नोंद पंचाचे काम करते.

चित्रीकरणाची तारीख ठरली की आणखी एक शिस्त पाळावी लागते. त्या दिवसापासून दृश्यांचे क्रमांक गोठवावेत. बारावे व तेरावे यांच्यामध्ये नवे दृश्य आल्यास त्यास ‘१२अ’ म्हणावे. पुढचे क्रमांक बदलू नयेत. वेळापत्रक, वेशभूषेची यादी, वाहनांची व्यवस्था हे सर्व त्या क्रमांकांवर बेतलेले असते. हॉलिवुडमध्ये सुधारित पाने पांढऱ्यानंतर निळ्या, गुलाबी, पिवळ्या अशा ठरलेल्या क्रमाने रंगीत कागदांवर छापण्याची प्रथा आहे. पानाच्या रंगावरूनच मसुदा कोणता हे कळते. गावातील लघुपटासही ही युक्ती स्वस्तात वापरता येईल.

उपलब्ध साधने

आज उपलब्ध असलेल्या साधनांचे स्थूलमानाने चार वर्ग पाडता येतील.

पहिल्या वर्गात फायनल ड्राफ्ट व ‘फेड इन’ यांसारख्या, संगणकावर बसविण्याच्या व्यावसायिक आज्ञावली येतात. दृश्यक्रमांक गोठविणे, रंगीत सुधारणा, पात्रनिहाय अहवाल या सर्व सोयी त्यांत असतात. ज्यांना व्यावसायिक निर्मितिसंस्थांशी व्यवहार करावयाचा आहे, त्यांना त्या उपयुक्त होत. देवनागरीची परीक्षा मात्र आधी घ्यावी.

दुसऱ्या वर्गात ‘रायटरड्युएट’, ‘आर्क स्टुडिओ’ व ‘सेल्टेक्स’ यांसारख्या आंतरजालावरील सेवा मोडतात. सहलेखन हे त्यांचे मुख्य बळ होय. मर्यादित वापर विनामूल्य व अधिक वापरास वर्गणी, असे त्यांचे सामान्य स्वरूप असते.

तिसऱ्या वर्गात भारतीय भाषांचा विचार करून घडविलेली साधने येतात. बंगळूर येथे विकसित झालेली ‘स्क्राइट’ ही आज्ञावली या वर्गात विशेष उल्लेखनीय आहे. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिता येते आणि दृश्ये चिठ्ठ्यांप्रमाणे पडद्यावर मांडून त्यांचा क्रम लावता येतो.

चौथ्या वर्गात लिबरऑफिस आणि ‘गुगल डॉक्स’ ही सर्वसाधारण लेखनाची साधने धरावीत. गुगल डॉक्समध्ये देवनागरी उत्तम चालते, अनेकांना एकाच वेळी लिहिता येते, केवळ अभिप्राय देण्याची मुभा वाचकांना देता येते आणि जुने मसुदे पाहता येतात. पटकथेची खास मांडणी त्यात आपणहून मिळत नाही. तथापि दोन स्तंभांच्या अनुबोधपटास साधा तक्ता काढूनही काम भागते.

परवाना, वर्गणी आणि खात्याची मालकी

साधनाची किंमत ही केवळ खरेदीची किंमत नव्हे. काही आज्ञावलींचा परवाना एकदाच घ्यावा लागतो, तर काहींची वर्गणी दरमहा किंवा दरवर्षी भरावी लागते. संस्थेच्या अंदाजपत्रकात पहिल्या वर्षाची तरतूद होते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा प्रस्ताव मागे राहतो आणि ३१ मार्चनंतर पटकथा उघडेनाशी होते. म्हणून वर्गणी संपल्यावर आपले लेखन निदान वाचता व उतरवून घेता येईल काय, हा प्रश्न खरेदीपूर्वीच विचारावा.

सेवाच बंद पडण्याचा धोकाही काल्पनिक नाही. ‘अडोबी स्टोरी’ ही पटकथालेखनाची सेवा २०१९ च्या जानेवारीत बंद करण्यात आली. ‘ॲमेझॉन स्टोरीरायटर’ ही सेवाही त्याच वर्षीच्या जून महिन्यात बंद झाली. दोन्ही सेवा जगातील बलाढ्य कंपन्यांच्या होत्या. कंपनी मोठी म्हणजे सेवा चिरस्थायी, हा समज चुकीचा आहे, हे यावरून दिसून येईल. सेल्टेक्स ही आरंभी संगणकावर बसविण्याची विनामूल्य आज्ञावली होती. कालांतराने ती आंतरजालावरील वर्गणीची सेवा बनली. साधने बदलत राहणार हे गृहीत धरूनच चालावे. आपले लेखन पीडीएफ, एफडीएक्स किंवा साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येत असेल, तरच ते साधन स्वीकारावे आणि प्रत्येक मसुदा पूर्ण होताच अशी एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.

संस्थांनी आणखी एक दक्षता घेणे जरूर आहे. सेवेचे खाते कोणाच्या नावाने उघडले आहे? पुष्कळदा ते एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ई-मेलवर व भ्रमणध्वनी क्रमांकावर उघडले जाते. त्याची बदली झाली किंवा क्रमांक बदलला की किल्लीच हरवते. खाते संस्थेच्या ई-मेलवर असावे आणि त्याची नोंद कार्यभार हस्तांतराच्या यादीत व्हावी.

काही सेवांत अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साहाय्यके जोडलेली असतात. आपला मजकूर कंपनी अन्य कारणासाठी वापरू शकते काय, हे अटींमध्ये पाहावे. अमेरिकेतील लेखकांनी २०२३ साली केलेल्या १४८ दिवसांच्या संपात हा एक प्रमुख मुद्दा होता.

श्रेय आणि हक्क

सहलेखनातील तंटे मांडणीवरून होत नाहीत. ते नाव कोणाचे व हक्क कोणाचा यावरून होतात. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये संयुक्त लेखनाची कल्पना स्पष्ट केलेली आहे. दोन किंवा अधिक लेखकांनी सहकार्याने निर्माण केलेली आणि ज्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही, ती संयुक्त कृती होय. साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. संयुक्त कृतीत ही मुदत सर्वांत शेवटी निवर्तलेल्या लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात.

शिक्षक व शासकीय कर्मचारी यांनी याच अधिनियमातील आणखी एक तरतूद ध्यानी घ्यावी. नोकरीच्या कर्तव्याचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, नियोक्ता असतो. शासनाच्या निदेशाने वा नियंत्रणाखाली झालेल्या लेखनाबाबत तो हक्क शासनाचा असतो. आपल्या उदाहरणातील गुरुजी व बाई यांनी शाळेची वेळ सोडून, स्वेच्छेने लेखन केले असेल, तर तसे आरंभीच एका कागदावर लिहून घेणे सर्वांच्याच हिताचे ठरते. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा असेल तर तो लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरते समजले जाते. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद लेखकांना आपली पटकथा नोंदविता येते. अशी नोंदणी म्हणजे लेखन कोणत्या तारखेस अस्तित्वात होते याचा पुरावा होय.

निवडीचा क्रम

वरील विवेचनाचा व्यवहारात उपयोग करताना पुढील क्रम पाळावा. प्रथम चित्रपटाचा प्रकार व सहलेखनाची तऱ्हा निश्चित करावी. नंतर विनामूल्य साधनाने काम भागते काय हे पाहावे. न भागल्यास दोन किंवा तीन आज्ञावलींच्या चाचणी-आवृत्त्या घेऊन त्यांत एकच पाच पानी दृश्य मराठीत लिहावे, त्याची छापील प्रत काढावी आणि मजकूर बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. परवान्याच्या अटी, नूतनीकरणाचा खर्च आणि खात्याची मालकी तपासावी. हे सर्व झाल्यावरच खरेदीचा प्रस्ताव ठेवावा.

आपल्या उदाहरणातील दोन शिक्षकांना या क्रमाने गेल्यास काय योग्य ठरेल? बाई दुसऱ्या तालुक्यात आहेत. जोडणी दोन्हीकडे बेताचीच आहे. एकाच वेळी लिहिण्याचा आग्रह धरण्याऐवजी त्यांनी आठवडाभर आळीपाळीने लिहावे आणि रविवारी दूरध्वनीवर एकत्र वाचन करावे. मसुदा ग्रामपंचायतीच्या ई-मेलवरील गुगल डॉक्समध्ये असावा, सरपंच व कृषी अधिकाऱ्यांना अभिप्रायापुरती मुभा असावी आणि दर रविवारी एक पीडीएफ प्रत वेगळी ठेवावी. चित्रीकरणापूर्वी क्रमांक गोठवून छापील प्रती भूमिका करणाऱ्यांच्या हाती द्याव्यात. यास आज्ञावलीपोटी एक रुपयाही लागणार नाही. उद्या हेच गुरुजी व्यावसायिक निर्मात्याकडे पटकथा पाठवू लागले, तर विशेष आज्ञावलीचा खर्च सार्थकी लागेल. आज मात्र तो अनावश्यक आहे.

दोन वाड्यांमधील तंटा कशामुळे मिटला, तलावाच्या काठावर पहिला शब्द कोण बोलले आणि दुसऱ्याने तो का मानला, हे कोणतीही आज्ञावली सांगू शकत नाही. ते गावात फिरून, ऐकून, पुन्हा पुन्हा लिहूनच हाती लागते. साधनाचे काम एवढेच, की असे कष्टाने मिळविलेले शब्द हरवू नयेत, योग्य माणसापर्यंत योग्य मसुद्यात पोहोचावेत आणि ज्यांनी ते लिहिले त्यांचेच राहावेत. या तीन अटी पूर्ण करणारे साधन साधे असो वा महाग, ते आपल्या कामाचे समजावे.